मलमालाही माप असतं

सदर : आपलं अंग, आपली काळजी



आज वाचायला बसण्याआधी एक काम करायचं. आईला किंवा बाबांना विचारून घरातला औषधांचा डबा उघडायचा आणि त्यातल्या मलमाच्या ट्यूबा मोजायच्या. तीन-चार तरी निघतीलच! एक भाजल्यावर लावायची, एक मुरगळल्यावर चोळायची. उरलेल्या कुणाच्या, कशासाठी आणल्या होत्या, ते कुणालाच नीट आठवत नाही. पोट चेपलेलं, टोपण हरवलेलं, नावाची अक्षरं पुसलेली. "टाकून देऊ का?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं : "राहू दे रे, लागेल कधीतरी!"

हे 'लागेल कधीतरी' फार घोटाळे करतं, बरं का. आज त्याबद्दलच बोलू.

गोळी म्हटली की आपण किती सावध असतो! दिवसातून किती, जेवणाआधी की जेवणानंतर, किती दिवस, सगळं विचारून घेतो. ताईची गोळी दादाला देत नाही. मलमाची गोष्ट निघाली की मात्र हे सगळं विसरतं. "बाहेरूनच तर लावायचंय, त्यात काय एवढं?" पण मित्रांनो, मलम हेही औषधच आहे. त्याचं माप असतं, त्याची जागा ठरलेली असते, त्याचे दिवस ठरलेले असतात आणि त्याचा मालकही ठरलेला असतो. या चारही गोष्टी नीट समजून घ्यायला सोरायसिस या त्वचेच्या आजाराचं उदाहरण फार चांगलं आहे. हा आजार महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं सोबत राहतो, आणि त्यावरच्या उपचारात मलमाचं काम मोठं असतं.

पहिलीतली मुलं एकदम दहावीत!

आपल्या त्वचेत रोज नवी भरती चालू असते. त्वचेच्या वरच्या पापुद्र्याच्या अगदी तळाशी नव्या पेशी जन्माला येतात. त्या हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, टणक होतात आणि शेवटी नकळत गळून पडतात. या प्रवासाला साधारण एक महिना लागतो. म्हणजे पहिलीत नाव घातलेलं मूल एकेक इयत्ता पार करत दहावीत जावं, तसं.

सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकतो. पहिलीतली मुलं चार दिवसांत दहावीच्या वर्गात येऊन बसली तर काय होईल? वर्गात गर्दी होईल, आणि आलेल्यांना धड वाचताही येणार नाही! त्वचेवरही तसंच होतं. अर्ध्याकच्च्या पेशींचे थरावर थर साचतात. लालसर, जाडसर चट्टे उठतात आणि त्यांच्यावर चंदेरी-पांढरे पापुद्रे सुटतात. सावळ्या रंगावर हे चट्टे जांभळट किंवा काळपटही दिसतात. कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा, कंबर या त्यांच्या आवडत्या जागा. काहींच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डेही पडतात.

असं का होतं? आपल्या शरीराचं सैन्य, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणा, चुकीचे हुकूम सोडतं आणि त्वचेला उगाच घाई करायला लावतं. काही घराण्यांत हा कल असतो. मग एखादं निमित्त मिळालं की आजार डोकं वर काढतो. मुलांमध्ये बऱ्याचदा जंतूंमुळे घसा सुजतो आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबाएवढे चट्टे उठतात. खरचटलेल्या किंवा खाजवलेल्या जागीही नवा चट्टा येऊ शकतो. मनावरचा ताण आणि कोरडी थंडी ही आणखी दोन निमित्तं.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. सोरायसिस संसर्गजन्य नाही. हात हातात घेतल्याने, एका बाकावर बसल्याने, एका डब्यातली पोळी खाल्ल्याने, एका टॉवेलने अंग पुसल्याने तो होत नाही. पूर्वी मात्र या आजाराची आणि कुष्ठरोगाची गल्लत होत असे, आणि लोक अशा माणसाला दूर ठेवत. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा या डॉक्टरांनी १८४१ साली हे दोन आजार वेगळे आहेत हे स्पष्ट केलं. त्याला पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली. कुष्ठरोगही आता औषधांनी पूर्ण बरा होतो. तरीही चट्टे पाहून बाक बदलणारी मुलं असतातच. २०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसबद्दल खास ठराव केला आणि या माणसांना मिळणाऱ्या वागणुकीकडे सगळ्या देशांचं लक्ष वेधलं. देशांनी ठराव करावेत, ठीक आहे. पण आपल्या वर्गातला बाक तर आपल्याच हातात आहे ना?

गोव्याची पावडर आणि एक नशीबवान चूक

सोरायसिसच्या मलमाच्या इतिहासात चक्क आपल्या शेजारच्या गोव्याचं नाव आहे!

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे 'गोवा पावडर' नावाची एक पिवळट-तपकिरी पूड मिळायची. गजकर्णावर, म्हणजे नायट्यावर, ती नामी समजली जायची. नाव गोव्याचं असलं तरी ती गोव्याची नव्हतीच! ती यायची समुद्रापलीकडून, ब्राझीलच्या बाहिया प्रांतातून. तिथल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातल्या चिरांमध्ये ती साठते. गोव्यावर राज्य होतं पोर्तुगीजांचं आणि ब्राझीलशीही त्यांचं जुनं नातं. त्या वाटेने ती इकडे आली आणि इथल्या बंदराचं नाव लावून बसली. ही पूड मोठी तिखट होती. झाड तोडून ती काढणाऱ्या मजुरांचे डोळे आणि चेहरे सुजून जात.

लंडनमधले त्वचारोगतज्ज्ञ बालमानो स्क्वायर यांच्या एका रोग्याला वाटलं की आपल्याला नायटा झालाय. म्हणून त्याने ही पूड लावली. खरं तर त्याला होता सोरायसिस. आणि गंमत म्हणजे चट्टे ओसरू लागले! स्क्वायर यांनी हा धागा पकडला, त्या पुडीतल्या औषधाचं मलम करून रोग्यांवर वापरलं आणि १८७८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे १९१६ मध्ये जर्मनीत या औषधाचा कृत्रिम भाऊ तयार झाला. त्याचं नाव डिथ्रॅनॉल. त्वचा आणि कपडे जांभळट-तपकिरी रंगवून टाकणारं हे औषध डॉक्टर मंडळी पुढे अनेक दशकं वापरत आली.

गोष्ट मजेदार आहे, पण तिच्यातून चुकीचा धडा घेऊ नका. त्या माणसाने रोग चुकीचा ओळखला आणि तरी त्याचं भलं झालं, हे निव्वळ नशीब. आज आपल्याकडे याच्या बरोबर उलटी चूक रोज होते, आणि तिथे नशीब साथ देत नाही. ती कशी, ते थोडं पुढे सांगतो. आधी आजच्या मलमांची ओळख करून घेऊ.

एकाच नावाखाली किती प्रकार!

सोरायसिससाठी डॉक्टर जी मलमं देतात ती सगळी एकसारखी नसतात.

काही नुसती ओलावा देणारी असतात. त्यांनी त्वचा मऊ राहते, खाज कमी होते. ती सढळ हाताने लावायची असतात. काहींमध्ये सॅलिसिलिक आम्ल असतं. ते वरचे पापुद्रे सैल करतं, म्हणजे दुसरं औषध आत पोचतं. काहींमध्ये कोळशापासून मिळणारं डांबर असतं. त्याला वास येतो, कपड्यांना डाग पडतात आणि ते लावलेली त्वचा उन्हात लवकर पोळते. काहींमध्ये 'ड' जीवनसत्त्वाचं भावंड, कॅल्सिपोट्रिऑल, असतं. हे सॅलिसिलिक आम्लाबरोबर एकत्र लावलं तर निकामी होतं. म्हणजे दोन चांगली औषधं मनाने मिसळली आणि हाती आलं शून्य!

आणि मग येतात स्टेरॉइड मलमं. स्टेरॉइड म्हटलं की काहींना शरीर फुगवणारे पैलवान आठवतात. ती स्टेरॉइडं वेगळी. ही मलमातली स्टेरॉइडं आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या लहानशा ग्रंथी जो रस तयार करतात, त्याच्या जातीची. १९५२ साली अमेरिकेतल्या सल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी यातलं हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर लावून पाहिलं आणि सूज, लाली, खाज झपाट्याने उतरली. त्वचारोगांच्या उपचारात तेव्हापासून क्रांतीच झाली म्हणा ना.

आता एक कोडं. एका ट्यूबवर लिहिलंय 'हायड्रोकॉर्टिझोन १ टक्का'. दुसरीवर लिहिलंय 'क्लोबेटासोल ०.०५ टक्का'. कोणती जास्त जोरकस?

गणित म्हणतं, पहिलीत औषध वीस पट आहे, म्हणजे पहिली. पण उत्तर आहे दुसरी! आणि तीही थोडीथोडकी नाही, पहिलीच्या कित्येक पटींनी. पहिली सर्वांत सौम्य गटातली, तर दुसरी सर्वांत तीव्र गटातली. तेव्हा टक्केवारी पाहून मलमाचा जोर ठरवता येत नाही. दुकानात उभं राहून, "ही कमी टक्क्यांची द्या, मुलाला लावायचीय," असं म्हणणं किती धोक्याचं आहे ते आलं ना लक्षात? क्लोबेटासोलसारखं मलम मोठ्या माणसांनासुद्धा सहसा सलग दोन आठवड्यांहून जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमहून जास्त देत नाहीत. लहान मुलांच्या बाबतीत तर तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्याला हातही लावायचा नाही.

जागा बदलली की औषध बदलतं

सगळ्या अंगाची त्वचा सारखी जाड नसते. तळपायाला खडा टोचला तर चालतो, पापणीला केसही सहन होत नाही. मलमही जागेप्रमाणे कमीजास्त आत जातं. फेल्डमन आणि मायबाक या अमेरिकी संशोधकांनी १९६७ साली हे मोजलं. हाताच्या मनगट ते कोपर या भागातून हायड्रोकॉर्टिझोन जेवढं आत जातं, त्याच्या सुमारे सहा पट कपाळातून जातं आणि सुमारे तेरा पट जबड्याच्या कडेच्या त्वचेतून. तळपायातून मात्र जेमतेम एक सप्तमांश!

म्हणून कोपरासाठी दिलेलं मलम चेहऱ्यावर लावायचं नाही. काखेत, जांघेत, मांडीच्या घडीतही नाही. तिथे औषध जास्त शोषलं जातं. त्वचा पातळ होते, लाल बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पोट सुटल्यावर पडतात तशा रेघा उमटतात आणि त्या जात नाहीत. चेहऱ्यावर पुरळ येतं. पापण्यांजवळ बराच काळ लावलं तर डोळ्यांतला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. लहान मुलांचं वजन कमी, पण वजनाच्या मानाने त्वचेचा विस्तार मोठा. त्यामुळे बेसुमार लावलेलं औषध त्यांच्या रक्तात जास्त उतरतं आणि त्याचा परिणाम वाढीवरही होऊ शकतो. मलम लावून वरून प्लास्टिक गुंडाळलं तर शोषण आणखी वाढतं. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर पट्टी नको, प्लास्टिक नको.

हे वाचून घाबरलात? घाबरायचं कारण नाही. हेच मलम योग्य जागी, योग्य मापात, ठरलेले दिवस लावलं तर ते मित्र असतं. 'स्टेरॉइड आहे' म्हणून भीतीने अर्ध्यावर सोडून देणं हीसुद्धा चूकच. तीव्र मलम बरेच दिवस लावून एकदम बंद केलं तर सोरायसिस उसळून परत येऊ शकतो, कधी पूर्वीपेक्षा जोरात. ते कसं कमी करत आणायचं हे डॉक्टरच सांगतात.

पेरभर मलम म्हणजे किती?

"थोडं लावा," असं कुणी म्हटलं की पंचाईत होते. आजीचं थोडं वेगळं, बाबांचं थोडं वेगळं. ही अडचण सोडवली वेल्समधल्या कार्डिफ शहरातल्या लाँग आणि फिनले या डॉक्टरांनी, १९९१ साली. त्यांनी माप शोधलं ते आपल्या बोटावरच!

मोठ्या माणसाने तर्जनी पुढे धरायची. टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, म्हणजे शेवटच्या पेरावर, मलमाची एक सरळ रेघ पिळायची. ट्यूबचं तोंड पाच मिलिमीटर रुंद असेल तर ही रेघ भरते साधारण अर्धा ग्रॅम. आपण तिला 'पेरभर मलम' म्हणू. एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. पंजा म्हणजे बोटं जुळवून धरलेला, बोटांसकट हात. मूल लहान असलं तरी माप मोठ्या माणसाच्या बोटाचं आणि पंजाचंच घ्यायचं, हे विसरायचं नाही.

मोठ्या माणसाचा पंजासकट एक हात भरायला सुमारे चार पेरं मलम लागतं, तर सहा ते दहा वर्षांच्या मुलाच्या तेवढ्याच भागाला अडीच पेरं पुरतात. मोठ्या माणसाच्या पाऊल धरून एका पायाला आठ पेरं लागतात, मुलाच्या पायाला साडेचार.

आता जरा हिशेब करा. एखाद्या मुलाच्या दोन्ही गुडघ्यांवर मिळून मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढे चट्टे आहेत. डॉक्टरांनी दिवसातून एकदा मलम लावायला सांगितलंय. ट्यूब ३० ग्रॅमची आहे. दिवसाला अर्धा ग्रॅम, म्हणजे ट्यूब साठ वेळा पुरेल. आता ती दहा दिवसांतच संपली, तर समजायचं की थापलं जातंय. आणि दोन महिने रोज लावूनही अर्धी उरली, तर पुरेसं लागत नाहीये. ट्यूब स्वतःच सांगते, तुमचं माप बरोबर आहे की नाही! किती दिवस लावायचं ते मात्र चिठ्ठीवरूनच ठरतं. साठ वेळा पुरते म्हणून साठ दिवस लावायची, असं नव्हे.

लावायचं कसं?

रीत सोपी आहे. पण ती अंगवळणी पडायला हवी.

१. आधी हात धुवा. आंघोळ कोमट पाण्याने करा, अंग खसाखसा न घासता टिपून घ्या.

२. पापुद्रे नखांनी ओढून काढू नका. खालून रक्ताचे बारीक ठिपके येतात आणि त्या जखमेवर नवा चट्टा उठू शकतो. नखं कापलेली ठेवा.

३. औषधाचं मलम फक्त चट्ट्यावर, पातळ थरात, केसांच्या दिशेने हलकेच पसरवा. आजूबाजूच्या चांगल्या त्वचेला ते नको आहे. रगडायचं तर मुळीच नाही.

४. ओलावा देणारं मलम आणि औषधाचं मलम एकावर एक लगेच लावू नका, नाहीतर औषध पातळ होऊन भलतीकडे पसरतं. मध्ये अर्धा तास जाऊ द्या. आधी कोणतं, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

५. लावून झालं की पुन्हा हात धुवा, म्हणजे तेच बोट डोळ्यांत जाणार नाही. चट्टे हातांवरच असतील तर गोष्ट वेगळी.

६. एखाद्या वेळी लावायचं राहिलं तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नका.

७. दिनदर्शिकेवर खूण करा. कधी सुरू केलं, कधी थांबवायचं आणि पुन्हा कधी दाखवायचं, हे भिंतीवर लिहिलेलं असलं की भांडण नको.

आणि हो, मलमाची ट्यूब दातांच्या पेस्टशेजारी ठेवू नका! सकाळी झोपाळू डोळ्यांनी काय होऊ शकतं ते सांगायला नको. लहान भावंडाचा हात पोचणार नाही अशी उंच, थंड जागा बरी. कुणी चुकून खाल्लंच तर ट्यूब बरोबर घेऊन लगेच डॉक्टरांकडे जायचं.

शेजाऱ्याची ट्यूब आणि वेषांतर केलेला नायटा

आता ती उलटी चूक.

अंगावर गोल, लालसर, खाजरा चट्टा आला की घरात निदान तयार असतं. कुणी म्हणतं गजकर्ण, कुणी म्हणतं खरूज, कुणी म्हणतं उष्णता. मग शेजारच्या काकू म्हणतात, "आमच्या ह्यांना या ट्यूबने दोन दिवसांत आराम पडला." ट्यूब येते, लागते आणि खरोखरच खाज थांबते, लाली उतरते. सगळे खूश!

पण तो चट्टा बुरशीमुळे झालेला नायटा असेल आणि ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल, तर काय झालं बघा. स्टेरॉइडने त्वचेची ओरड थांबवली, बुरशीला मात्र मारलं नाही. उलट तिथला पहारा सैल केला. बुरशी गुपचूप पसरत राहते. नायट्याची नेहमीची गोल कडा पुसट होते आणि डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. जणू चोराने पोलिसाचा गणवेश घातला! मलम थांबवलं की तो दुप्पट जोमाने दिसतो, म्हणून पुन्हा मलम, पुन्हा तेच. एका ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध असं सगळं कोंबलेल्या 'तीन इन वन' मलमांनी आपल्या देशात ही डोकेदुखी फार वाढवली आहे. चिवट, हटता न हटणारा नायटा आज घरोघरी दिसतो, त्यामागचं हे एक मोठं कारण.

दुसरी चूक गोरं होण्यासाठीची. कुणीतरी सांगतं म्हणून स्टेरॉइडचं मलम रोज चेहऱ्यावर लावलं जातं. चार दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग लाल होतो, पुरळ येतं, ऊन सोसवत नाही आणि मलम सोडलं की आग होते. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. २०१८ साली केंद्र सरकारने नियम बदलले आणि अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ट्यूबच्या खोक्यावर इंग्रजी 'आर' अक्षराच्या पायाला फुली मारल्यासारखी खूण दिसली, तर समजा की हे चिठ्ठीचं औषध आहे. औषधाच्या दुकानदारदादांनी चिठ्ठी मागितली तर रागावू नका. ते आपलं काम नीट करत आहेत.

सोरायसिस की नायटा, हे नुसतं बघून घरी ठरवता येत नाही. गरज पडली तर डॉक्टर चट्ट्याचा जरासा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुखत नाही, आणि पाच-दहा मिनिटांत बुरशी आहे की नाही ते बरेचदा कळतं.

कपडे, दिवा आणि फुलबाजी

ही गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते. पॅराफिन किंवा पेट्रोलियम जेली असलेली मलमं रोज लावली की ती कपड्यांत, चादरीत, पट्टीत मुरतात. असं कापड वाळलेलं दिसलं तरी एका ठिणगीने भडकन पेटतं, साध्या कापडापेक्षा कितीतरी लवकर. ब्रिटनमध्ये अशा कपड्यांना आग लागून माणसं दगावली. २०१८ साली तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने तर बजावलं की पॅराफिन नसलेल्या ओलावा देणाऱ्या मलमांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यायची.

म्हणून मलम लावलेल्या अंगाने किंवा तेच कपडे घालून गॅसजवळ, निरांजनाजवळ जायचं नाही. दिवाळीत फुलबाजी, भुईनळे लावताना तर आधी कपडे बदलायचेच. कपडे आणि चादरी वरचेवर गरम पाण्याने धुवायच्या. पण धुतल्यावरही मलम पूर्ण निघत नाही, हे लक्षात ठेवायचं.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

मलम लावल्यावर आग होत राहिली, लाली वाढली, पाणी किंवा पू आला, तर लावणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. अंगभर लाली पसरली, पुवाचे बारीक फोड आले, ताप भरला, थंडी वाजू लागली, तर वाट न बघता दवाखान्यात जा. सकाळी उठल्यावर बोटं, गुडघे किंवा टाचा आखडत असतील, सुजत असतील, तर तेही सांगा. सोरायसिस कधी कधी सांध्यांनाही त्रास देतो आणि त्यावर वेळीच उपचार झाले तर पुढचं नुकसान टळतं. घसा दुखून ताप आला आणि मग चट्टे वाढले, तर ती हकीकतही डॉक्टरांच्या कामाची असते.

पालकांसाठी चार ओळी

पालकहो, सोरायसिस कायमचा घालवून देतो असं सांगणाऱ्या जाहिराती आणि नावगाव नसलेल्या डब्या दिसतील. त्यांपासून दूर राहा. डबीवर औषधाचं नाव लिहिलेलं नसेल, तर त्यात तीव्र स्टेरॉइड असण्याचीही शक्यता असते. हा आजार येतो, जातो, पुन्हा येतो. तो आटोक्यात ठेवता येतो, आणि खूप चांगला ठेवता येतो. मलमाने भागलं नाही तर प्रकाशकिरणांचे उपचार आणि पोटात घ्यायची किंवा इंजेक्शनची औषधंही तज्ज्ञ देऊ शकतात. खोबरेल तेलाने त्वचा मऊ राहते, जरूर लावा. लिंबू, चुना, लसूण असं काही चट्ट्यांवर चोळू नका, त्वचा भाजते. दुसरा आजार झाला तरी सोरायसिस असल्याचं प्रत्येक डॉक्टरांना सांगा, कारण काही औषधांनी तो वाढतो. आणि पाहुण्यांसमोर मुलीची बाही ओढून चट्टा झाकू नका. मलम त्वचेला लागतं, पण झाकणं मनाला लागतं.

करून बघा

चला, आता त्या डब्याकडे! या रविवारी आईबाबांबरोबर बसा. मुदत संपलेल्या, नाव पुसलेल्या, मालक नसलेल्या ट्यूबा बाजूला काढा. त्यांचं काय करायचं ते औषधाच्या दुकानात विचारून घ्या. उरलेल्या प्रत्येक ट्यूबवर कागदाची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर चार गोष्टी लिहा : कुणाची, अंगाच्या कोणत्या जागेसाठी, दिवसातून किती वेळा, कोणत्या तारखेपर्यंत. ट्यूब उघडल्याची तारीखही टाका. एखादी गोष्ट लिहिता आली नाही, तर ती डॉक्टरांना विचारायचा प्रश्न म्हणून वहीत नोंदवा.

आणि तुमच्या वर्गात कुणाच्या कोपरावर असे चट्टे असतील, तर त्याला "हे काय झालंय तुला?" असं चारचौघांत विचारू नका. मधल्या सुट्टीत कबड्डीला बोलवा. गडी कमी पडतच असेल की!

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.